भरलेलं घर भाड्याने देताना आणि घेताना

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत गच्चीवरच्या मंडपात दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या संध्याकाळी जे येऊ शकले नाहीत त्यांच्या आग्रहावरून इथे छापत आहोत. – संपादक मंडळ)



सचिवांनी मला विषय दिला तो असा – ‘फर्निश्ड फ्लॅट भाड्याने देताना घ्यायची काळजी’. मी त्यांना म्हटलं, नुसतं ‘देताना’ नको, ‘घेताना’सुद्धा घाला. ३६ वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे मी. जमा आणि खर्च, दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही. नुसती मालकाची बाजू मांडली तर ते भाषण अर्धंच राहील. सचिव हसले आणि म्हणाले, “बोला हो काका, पण आठच्या आत संपवा, पुढे जेवण आहे.” म्हणजे मुदत ठरलेली आहे, करार तोंडी आहे. तोंडी कराराचं काय होतं, ते पुढे सांगतोच.

आधी आपल्या घरचा हिशोब. आपल्या ३२ सदनिका. सुरुवातीला सगळ्या घरांत मालक स्वतः राहत होते. आज ११ घरांत भाडेकरू आहेत, आणि त्यातली बहुतेक घरं फर्निश्ड आहेत. कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. कोणाची मुलं अमेरिकेला, कोणाची बंगळूरला. आईवडील मुलांकडे गेले, पण घर विकायला मन होत नाही. कपाटं, पलंग, फ्रिज, देव्हाऱ्याचा कोनाडा, सगळं जागच्या जागी ठेवून घर भाड्याने दिलं. दुसऱ्या बाजूला घेणारेही वाढले. आपली इमारत स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. फडके रोड, गणेश मंदिर, बाजार, दवाखाने, सगळं पायाखाली. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि ऐरोलीकडे नोकरीला जाणाऱ्या मुलामुलींना डोंबिवली सोयीची झाली. अशी मुलं येताना दोन बॅगा घेऊन येतात. त्यांना गोदरेजचं कपाट विकत घ्यायचं नसतं, ते आयतं हवं असतं. शिवाय बदलीवर आलेले लोक, घराचं काम काढलेले लोक, उपचारांसाठी गावाहून आलेली कुटुंबं. स्टेशनजवळच्या भरलेल्या घराला गिऱ्हाईक नाही असं होतच नाही. ठाण्यात नौपाड्यात, कल्याणात स्टेशनच्या बाजूला, हेच चित्र आहे.

आता थोडा इतिहास, कारण आपल्या पिढीच्या मनातली भीती त्यातून आली आहे.

आमच्या लहानपणी ‘भाडेकरू’ हा शब्द ऐकला की मालकाच्या कपाळावर आठी पडायची. त्याचं मूळ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात. त्या कायद्याने शहरांतली भाडी जवळपास गोठवून टाकली. महागाई वाढत गेली, भाडं तिथेच. मालकाला इमारतीची डागडुजीही परवडेना. मग भाडेकरूला काढता येत नाही म्हणून पागडी आली. मालकांनी त्यावर तोडगा काढला, की भाडेकरू म्हणून ठेवायचंच नाही, ‘लिव्ह अँड लायसन्स’ने ठेवायचं. म्हणजे घराचा ताबा कायद्याने मालकाकडेच, समोरच्याला फक्त राहण्याची परवानगी. हे काही वर्षं चाललं. मग १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते, त्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांना डोक्यावरचं छप्पर राहिलं त्यांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि ज्यांचं घर गेल्यासारखं झालं त्यांनी मुलाबाळांना शपथ घातली, की घराला कुलूप लावा पण भाड्याने देऊ नका. आपल्यापैकी कितीतरी जणांनी वडिलांकडून हे ऐकलेलं असेल.

पुढे १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही गोठवलेली भाडी आता न्याय्य राहिलेली नाहीत. मग नवा ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. म्हणजे गंमत बघा, आपली संस्था आणि हा कायदा जवळजवळ एकाच वयाचे. आपण दोघंही पंचविशी गाठून बसलो आहोत, पण शेजारी राहून एकमेकांची ओळख काही नीट झालेली नाही. ती आज करून देतो.

या कायद्याची दोन कलमं पाठ करून ठेवा. एक २४, दुसरं ५५.

कलम २४ मालकाच्या धीराचं आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की घेणाऱ्याने घर रिकामं करून द्यायचं. नाही दिलं, तर त्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि मालकाला नेहमीच्या कोर्टाच्या फेऱ्यांऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो. शिवाय लेखी करारात जे लिहिलं आहे तोच पक्का पुरावा धरला जातो. म्हणजे ‘आमचं तोंडी वेगळं ठरलं होतं’ हे मालकालाही म्हणता येत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

कलम ५५ मालकाच्या जबाबदारीचं आहे. करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर नाही, मालकावर आहे. नोंदणी केली नाही आणि उद्या वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत घेणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं ठरवणं मालकाच्या गळ्यात. वर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता आपल्याकडचा एक लाडका गैरसमज. “अकरा महिन्यांचा आहे ना, मग नोटरी पुरे.” नाही हो. जुन्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट होती, त्यावरून हे अकरा महिने लोकांच्या डोक्यात बसले. आपल्या राज्यात १९९९ च्या कायद्यापासून अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. स्टॅम्प पेपर आणला, नोटरीचा लाल शिक्का मारला, की कागद वजनदार दिसतो, पण कलम ५५ पुढे त्याचं वजन नाही.

खर्चाची भीती असेल तर हिशोब करून दाखवतो. समजा भाडं महिना २०,०००, परत करायची अनामत १ लाख, आणि मुदत २४ महिने. भाड्याचे झाले ४,८०,०००. अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी व्याज धरतात, दोन वर्षांचे २०,०००. बेरीज ५ लाख. त्यावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे साडेबाराशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. किरकोळ खर्च वेगळा. दलाल घेतो त्याच्यापुढे ही रक्कम काहीच नाही; तो तर दोन्हीकडून एकेक महिन्याचं भाडं घेतो. आणि आता नोंदणी घरबसल्या होते. आधार क्रमांक, बोटांचे ठसे, संगणकावर फोटो, दोन ओळखीचे साक्षीदार, झालं.

‘हेवी डिपॉझिट’चा प्रकारही इथेच सांगतो. भाडं अगदी कमी किंवा शून्य, आणि अनामत १० लाख. बँकेच्या ७ टक्के व्याजाने त्याचे वर्षाला ७०,००० होतात, म्हणजे महिना ५,८०० च्या आसपास. घेणाऱ्याला वाटतं भाडं वाचलं. पण मी कर्जविभागात बसलेला माणूस, मला दुसरंच दिसतं. तुम्ही त्या मालकाला १० लाखांचं कर्ज दिलंत, तेही बिनतारण. घर सोडायच्या दिवशी त्याच्याकडे पैसे नसले तर तुम्ही काय करणार? बँकेने असं कर्ज तुमच्या शब्दावर दिलं असतं का? आणि मालकांनो, तुम्ही ते पैसे दुसरीकडे गुंतवलेत तर परतीच्या दिवशी ते मोकळे असायला हवेत. अनामत हे उत्पन्न नाही, देणं आहे. ताळेबंदात त्याची जागा डावीकडे.

आता फर्निश्ड घराचा खरा गाभा. रिकाम्या घरात भिंती आणि नळ, एवढंच असतं. भरलेल्या घरात मालकाचा संसार असतो. म्हणून भांडण भाड्यावरून होत नाही, गाद्यांवरून होतं.

१९८४ च्या सुमारास माझी बदली सांगलीला झाली होती. तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी मला दोन खोल्या दिल्या, सामानासकट. पहिल्या दिवशी त्यांनी वहीचा एक कागद पुढे केला. सुवाच्य अक्षरात यादी : लोखंडी कॉट २, गाद्या २, पैकी एक जुनी, तांब्याचा बंब १, पाट ४, पैकी एकाचा पाय हलतो, आरसा १, डाव्या कोपऱ्यात चीर. खाली दोघांच्या सह्या. मला तेव्हा जरा कसंसंच वाटलं, की गुरुजी आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. तीन वर्षांनी खोली सोडताना तोच कागद निघाला. आरशाची चीर होती तेवढीच होती, पाटाचा पाय हलत होता तसाच हलत होता. गुरुजींनी कागदावर ‘सर्व मिळाले’ लिहिलं आणि अनामत मोजून हातात दिली. त्या यादीने संरक्षण केलं ते माझंच. चीर आधीपासून होती, हे सांगायला मला तोंड उघडावं लागलं नाही.

म्हणून माझं सांगणं, यादी करा, आणि ती कराराला जोडा. नुसतं ‘फ्रिज १’ लिहू नका. कंपनी, साधारण किती वर्षं जुना, दाराचं रबर कसं आहे. ‘गिझर चालू’, ‘वॉशिंग मशीन चालू, ड्रायरचा आवाज येतो’. पंखे किती, दिवे किती, किल्ल्यांचे जुडगे किती. महावितरणच्या मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग, पाइप गॅस असेल तर त्याचं रीडिंग. प्रत्येक खोलीचा मोबाईलवर फोटो दोघांनी मिळून काढा आणि त्याच दिवशी एकमेकांना पाठवा. दुरुस्ती कोणी करायची, तेही लिहा. माझ्या मते साधा नियम असा : वस्तू जुनी होऊन बंद पडली तर मालकाने, वापरताना तुटली तर घेणाऱ्याने. गादी दबणं, रंग उडणं, गॅसजवळची फरशी काळी पडणं ही झीज आहे, नुकसान नव्हे. दोन वर्षं राहणारा माणूस दोन वर्षांचं भाडं देतो ते या झिजेसाठीच. तिचे पैसे अनामतीतून परत कापणं म्हणजे एकाच पावतीवर दोनदा वसुली.

आणि मालकांनो, जी वस्तू गेली तर तुमच्या जिवाला लागेल, ती त्या घरात ठेवू नका. आईचं जातं, सासऱ्यांची आरामखुर्ची, लग्नातला समईचा जोड. यादीत त्यांची किंमत लिहिता येत नाही आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर ते ओझं राहतं.

परदेशी असलेल्या मालकांसाठी दोन गोष्टी. आपल्याकडे अशी चार-पाच घरं आहेत, म्हणून मुद्दाम बोलतो. मालक अनिवासी भारतीय असेल, तर भाडं कितीही असो, भाडं देणाऱ्याने आधी त्यातून आयकर कापायचा असतो, ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर. २५,००० भाड्यावर हे ७,८०० होतात. ही रक्कम सरकारात भरायची आणि उरलेली मालकाच्या एनआरओ खात्यात. मालकाचा प्रत्यक्ष कर कमी बसत असेल तर विवरणपत्र भरून परतावा मिळतो. घेणारी मुलं बिचारी हे जाणतच नाहीत, आणि नोटीस आली तर ती त्यांना येते. तेव्हा मालकाने स्वतःहून सांगावं, हे सभ्यपणाचं. दुसरं, मालकाच्या वतीने इथे सही करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र हवं. ते परदेशात केलं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, इथे आल्यावर ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा. ‘भाच्याला सांगितलंय, तो सही करेल’ असं चालत नाही.

इथे राहणाऱ्या मालकांनी भाड्याचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं. महापालिकेचा कर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. काही जण घराचं भाडं वेगळं आणि फर्निचरचं वेगळं असे दोन कागद करतात. फर्निचरच्या भाड्यावर ही ३० टक्के वजावट मिळत नाही, हे लक्षात असू द्या. आणि घेणारा नोकरदार असेल आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल, तर त्याला घरभाडे भत्त्यासाठी तुमचा पॅन लागतो. तो द्यायला का-कू करू नका.

हे झालं मालक आणि घेणारा यांच्यामधलं. आता तिसरा पक्ष, म्हणजे आपण. संस्था.

सदनिका कोणाला भाड्याने द्यायची हे सभासद ठरवतो. त्याने संस्थेला कळवायचं, नोंदणी केलेल्या कराराची प्रत द्यायची, आणि पोलिसांना माहिती दिल्याची पोच द्यायची. आपण ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो, आणि ही माहिती आता ऑनलाइनही देता येते. संस्था त्याबद्दल बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. किती? शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे, महापालिकेचे कर वगळून, सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. सेवा शुल्क २,४०० असेल तर २४०. घरात सभासदाची लग्न झालेली मुलगी किंवा नातवंडं राहत असतील तर तेही नाही. एका संस्थेने याला आव्हान दिलं होतं, तेव्हा २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश कायम ठेवला. त्यामुळे सर्वसाधारण सभेने हात वर करून यापेक्षा जास्त आकारणीचा ठराव केला, तरी तो टिकणारा नाही.

हे मी आज का बोलतोय ते तुम्ही ओळखलं असेल. येत्या वार्षिक सभेपुढे एक सूचना आलेली आहे. भाडेकरू असलेल्या घरांकडून मासिक १,५०० जादा घ्यावेत, एकट्या मुलामुलींना घर देऊ नये, आणि गच्चीवरच्या कार्यक्रमांना भाडेकरूंना ‘निमंत्रितांपुरता’ प्रवेश असावा. सूचना मांडणारे माझे स्नेही आहेत, ते पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि उद्या सकाळी आम्ही दोघं नेहमीप्रमाणे एकत्रच फिरायला जाणार आहोत. त्यांचं दुखणं खोटं नाही. रात्री बारा वाजता लिफ्टचं दार उघडं राहतं, कचरा वेगळा होत नाही, पार्किंगमध्ये अनोळखी स्कूटर दिसते. मालक सिंगापूरला, तक्रार करायची कोणाकडे? हे सगळं खरं आहे. पण त्यावरचा उपाय नियमात बसणारा हवा, आणि माणसाला शोभणारा हवा.

यातली पहिली बाजू मी कायद्याची सांगितली. दुसरी अनुभवाची सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींचे उपचार ठाण्यात चालू होते. आठवड्यातले पाच दिवस जायचं. डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत तिला नेणं शक्य नव्हतं आणि रोज गाडी करून जाणं परवडणारं नव्हतं. म्हणून नौपाड्यात, गोखले रोडपासून जवळ, एक बेडरूमचा फर्निश्ड फ्लॅट पाच महिन्यांसाठी घेतला. वयाची सत्तरी उलटल्यावर मी पुन्हा भाडेकरू झालो.

घराच्या मालकीणबाई आमच्याच वयाच्या. त्यांनी यादी केली होती, पण त्याहून महत्त्वाचं काम केलं होतं. प्रत्येक बटणाखाली कागदाची पट्टी चिकटवून लिहिलं होतं, गिझर, पंखा, बाहेरचा दिवा. कोपऱ्यावरच्या केमिस्टचा आणि वायरमनचा फोन फ्रिजवर लावला होता. हॉलमधला सोफा इतका खोल, की हिला त्यातून उठता येईना. मी संकोचत फोन केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षातून हात असलेली लाकडी खुर्ची पाठवली, आणि चिठ्ठीत लिहिलं, ‘यादीत एक खुर्ची वाढवून घ्यावी’. ती चिठ्ठी मी अजून ठेवली आहे.

त्या इमारतीत मात्र आम्हाला नाव नव्हतं. आम्ही ‘दोनशे तीनचे भाडेकरू’. खालच्या पाटीवर मालकीणबाईंचं नाव, म्हणून आमचं कुरिअर परत जायचं. रखवालदार पहिले पंधरा दिवस रोज विचारायचा, कुठे चाललात. लिफ्टशेजारी सूचना होती, की भाडेकरूंनी गच्चीवर जाऊ नये. डॉक्टरांनी हिला संध्याकाळी मोकळ्या हवेत बसायला सांगितलं होतं. गच्ची दोन मजले वर होती. आम्ही रिक्षा करून मासुंदा तलावावर जात होतो, आणि ज्या दिवशी तिला तेवढंही झेपायचं नाही, त्या दिवशी खिडकीशी खुर्ची ओढून बसत होतो. सूचना लिहिणाऱ्याच्या मनात आमच्याबद्दल काही वाईट नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे वेगळेच कोणीतरी भाडेकरू असणार. पण सूचना वाचणारे आम्ही होतो.

महिनाभराने समोरच्या दारातल्या वहिनी एक डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तुमचं नाव काय हो? रोज बघते, पण हाक कशी मारू?” एवढंच. त्या दिवसापासून ते घर झालं. सौ. आज समोर बसल्या आहेत, तब्येत उत्तम आहे, आणि मी इतकं बोलतोय हे त्यांना आवडलेलं नाही, हे मला इथूनही दिसतं आहे.

आता उद्याचा विचार करा. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. आपल्याच रस्त्यावरच्या दोन जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या, तिथली मंडळी कुठे आहेत? भाड्याच्या घरात. भाडं आणि दलाली बिल्डर देतो, पण दुसऱ्याच्या पाटीखाली राहायचं ते त्यांनाच. आणखी पाच-दहा वर्षांनी ही वेळ आपल्यावर येईल. तेव्हा आपण ३२ च्या ३२ कुटुंबं एकाच महिन्यात भाडेकरू होऊ, कोणी टिळकनगरात, कोणी कल्याणला, कोणी ठाण्याला. त्या वेळी तिथल्या संस्थांनी आपल्याशी कसं वागावं असं आपल्याला वाटेल? तो ठराव आज आपण इथे लिहायला घ्यावा.

माझ्या सूचना चारच आहेत.

पहिली, जादा आकारणीचा विषय मागे घ्यावा. नियमात बसणारे १० टक्के जरूर घ्यावेत, सर्वांकडून सारखे, आणि न चुकता.

दुसरी, करार, पोलीस पोच आणि मालकाचा चालू फोन क्रमांक मिळेपर्यंत सचिवांनी सोडू नये. मालक परदेशात असेल तर इथला एक जबाबदार माणूस त्याने लेखी द्यावा. लिफ्टच्या दाराची तक्रार मग सिंगापूरला करावी लागणार नाही.

तिसरी, नव्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी एक पानाचं माहितीपत्रक द्यावं. पाणी किती ते किती, कचरा कधी आणि कसा, गाडी कुठे, प्लंबर कोण, रात्री दहानंतर आवाज नको. नियम मोडणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो नियम कोणी सांगितलेलाच नसतो. मजकूर मी लिहून देतो, मुलांनी टाईप करावा.

चौथी, खालच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली राहणाऱ्या कुटुंबाचंही नाव लावावं. सभेत मत देण्याचा हक्क सभासदाचा, तो त्याचाच राहील. पण गणपतीची आरती, कोजागरीचं दूध, पाडव्याच्या शोभायात्रेला निघणारा आपला घोळका, यांना सातबारा लागत नाही. आणि स्मरणिका समितीला विनंती, की या अंकात सभासदांच्या यादीशेजारी त्या ११ घरांत आज राहणाऱ्यांची नावंही छापावीत. पंचवीस वर्षांनी कोणी हा अंक उघडला, तर या इमारतीत त्या साली कोण राहत होतं, हे त्याला पुरतं कळावं.

एकट्या मुलामुलींबद्दल शेवटचं. आपली मुलं पुण्यात, बंगळूरमध्ये, न्यू जर्सीत अशीच कोणाच्या तरी इमारतीत एकटी राहतात. तिथे कोणी त्यांना दारातून परत पाठवलं, की आपण फोनवर किती चिडतो, ते आठवा आणि मग मत द्या.

घड्याळात आठला सात मिनिटं कमी आहेत. करार तोंडी असला तरी मी मुदतीच्या आत जागा रिकामी करतो आहे, दुप्पट भरपाई मागू नये. ज्यांना करार, यादी किंवा मुद्रांकाबद्दल विचारायचं असेल त्यांनी रोज सकाळी साडेदहा ते बारा माझ्याकडे यावं. मालक असोत वा भाडेकरू, चहा दोघांनाही सारखाच मिळेल.